एका ठिपक्याची सोळा वर्षे

पुण्याहून लोणावळ्याची लोकल पकडली की शिवाजीनगर, खडकी आणि मग दापोडी. दापोडीला जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला लागून १९६० च्या सुमारास दोन स्वीडिश कंपन्या आल्या, अ‍ॅटलास कॉप्को आणि सँडविक. पहिलीचे नाव कॉम्प्रेसरशी जोडलेले, दुसरीचे कार्बाइडच्या हत्यारांशी. बी.कॉम. झाल्यावर मी भोसरीच्या एका लहान वर्कशॉपमध्ये स्टोअरचा कारकून म्हणून लागलो. लेथसाठी लागणाऱ्या कार्बाइडच्या टिपा मोजून देणे आणि बिन कार्डावर शिल्लक मांडणे हे माझे काम. ऑपरेटरने तुटलेली टिप परत आणून दाखवली तरच नवी द्यायची, असा मालकांचा दंडक होता. त्या टिपांच्या डब्यांवर सँडविकचे नाव मी रोज वाचत असे. एवढ्या लांबची कंपनी दापोडीला कशी आली, हा प्रश्न तिथे कोणाला पडत नव्हता. मला पडला. उत्तराचे पहिले टोक हाती यायला दहा-बारा वर्षे लागली, आणि ते सापडले एका इंग्रजी नियतकालिकातल्या लेखाच्या झेरॉक्समध्ये.

तो लेख १९७५ चा. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या योहान्सन आणि वीडर्सहाइम-पॉल या दोघांनी चार स्वीडिश कंपन्या देशाबाहेर कशा पसरल्या याचा इतिहास तपासला होता. कंपन्या होत्या सँडविक, अ‍ॅटलास कॉप्को, फॅसिट आणि व्होल्व्हो. चारातल्या दोन दापोडीच्या! (फॅसिटची हाताने फिरवायची गणनयंत्रे आपल्याकडच्या जुन्या कचेऱ्यांत काम केलेल्यांना आठवत असतील.) त्यांचा निष्कर्ष असा, की कंपनी परदेशात एकदम उडी मारत नाही. आधी तुरळक निर्यात, मग एजंट, मग स्वतःची विक्रीशाखा आणि शेवटी कारखाना. शिवाय ती आधी भाषेने, रीतिरिवाजाने जवळच्या देशात जाते आणि अनुभव गाठीशी आला की लांब. या जवळ-लांबपणाला त्यांनी मानसिक अंतर म्हटले. दोन वर्षांनी योहान्सन आणि वाल्ने यांनी याच निरीक्षणांवर एक सिद्धान्त उभा केला. व्यवस्थापनशास्त्रात तो उप्साला प्रतिमान म्हणून ओळखला जातो.

मला शिकवायला कोणी नव्हते. एम.बी.ए.च्या मुलाला प्राध्यापक सांगतात की आधी हे वाच, मग ते. माझ्यासारख्या बाहेरून आलेल्या माणसाला ते सांगते फक्त लेखाच्या शेवटची संदर्भसूची. म्हणून मी उलटे वाचायला शिकलो. लेख हातात आला की आधी शेवटचे पान. कोणाकोणाची नावे आहेत ते पाहायचे, त्यातले जे नाव तिसऱ्यांदा दिसेल ते शोधायला लागायचे. वर्कशॉपमधून रद्दीत निघालेली कोरी बिन कार्डे मी घरी आणली होती. एका कार्डावर एक ग्रंथ. खाली तो कोणकोणत्या लेखांत आढळला त्याची नोंद. आवक-जावकचीच सवय.

हे करताना मी नकळत जे करत होतो त्याला एक शास्त्र आहे, हे पुष्कळ नंतर कळले. अमेरिकेतल्या वकिलांकडे १८७३ पासून शेपर्डची सूची होती. जुना निवाडा पुढे कोणकोणत्या खटल्यांत आधाराला घेतला गेला हे ती सांगायची. त्या सूचीवरून यूजीन गारफील्ड यांना कल्पना सुचली की शास्त्रीय लेखांचेही असेच करावे, आणि १९६४ पासून त्यांची विज्ञान उल्लेख-सूची नियमित निघू लागली. सामाजिक शास्त्रांची सूची १९७३ मध्ये आली. ग्रंथालयातल्या व्यवहारांना संख्याशास्त्र लावावे आणि त्याला लायब्रमेट्री म्हणावे, असे आपल्या एस. आर. रंगनाथन यांनी इंग्लंडमधल्या लेमिंग्टन स्पा येथील परिषदेत १९४८ सालीच सुचवले होते, हे जाता जाता नोंदवतो. आपल्याकडच्या ग्रंथपालांखेरीज फारसे कोणी ते सांगत नाही.

पुढची पायरी १९७३ ची. अमेरिकेत हेन्री स्मॉल आणि त्याच वर्षी स्वतंत्रपणे सोव्हिएत संघात इरिना मार्शाकोवा यांनी सहउल्लेखाची पद्धत मांडली. ती समजायला अवघड नाही. गावातल्या पन्नास घरांच्या लग्नांच्या आमंत्रणयाद्या मिळाल्या आणि त्यात दोन नावे पुन्हा पुन्हा एकत्र दिसली, तर ते दोघे एकमेकांना ओळखतात की नाही हे ठाऊक नसतानाही आपण म्हणतो, हे एका भावकीतले असणार. तसेच ग्रंथांचे. जे दोन ग्रंथ अनेक लेखक एकत्र आधाराला घेतात ते विचाराने शेजारी. अशा जोड्या मोजल्या, जास्त जोडलेले जवळ मांडले, कमी जोडलेले लांब, की कागदावर ठिपक्यांचे पुंजके उमटतात. तोच त्या विद्याशाखेचा नकाशा. आंतरराष्ट्रीय व्यवस्थापनाच्या संशोधनाचा असा नकाशा सेव्हिलच्या असेदो आणि कासिल्यास यांनी २००५ साली प्रसिद्ध केला. तो पाहिला तेव्हा माझ्या बिन कार्डांची मला थोडी लाज वाटली आणि थोडा अभिमानही.

या नकाशांत कोणती नावे भेटतात? पायाच्या दगडासारखे रोनाल्ड कोस. त्यांचा १९३७ चा छोटा निबंध विचारतो की बाजार जर इतका कार्यक्षम आहे तर कंपनी नावाची गोष्ट असतेच कशाला. मग हार्वर्डचे रेमंड व्हर्नन, वस्तूच्या जीवनचक्राचा १९६६ चा सिद्धान्त मांडणारे. इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठाची मंडळी, म्हणजे बक्ली आणि कॅसन, १९७६, आणि जॉन डनिंग. उप्सालाचे दोघे. संस्कृतीच्या बाजूला एकटे पण अवाढव्य खेर्ट हॉफस्टेडे, १९८०. व्यूहनीतीच्या बाजूला प्रल्हाद आणि डोझ, बार्टलेट आणि घोषाल. आणि एक नाव स्टीफन हायमर, साल १९७६.

याच सालाने मला तोंडावर पाडले.

काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात मी बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या सिद्धान्तांवर लिहिले होते. त्यात मी छातीठोकपणे म्हटले होते की बक्ली-कॅसन आणि हायमर यांचे ग्रंथ एकाच वर्षी यावेत यावरून त्या काळाची हवा दिसते. माझी कार्डे तसे सांगत होती. दोन्ही कार्डांवर १९७६, दोन्हींच्या खालच्या नोंदी जवळपास सारख्या. अंक आल्यावर महिन्याभरात साताऱ्याहून एका निवृत्त प्राध्यापकांचे पोस्टकार्ड आले. मजकूर तीन ओळींचा. हायमर १९७४ सालीच वारले, पुस्तक १९७६ चे असले तरी प्रबंध १९६० चा आहे, प्रस्तावना वाचावी. खाली सही.

मी प्रस्तावना वाचलेली नव्हती. खरे म्हणजे पुस्तकच पाहिलेले नव्हते. इतरांच्या सूच्यांतून ओळख झालेल्या माणसाबद्दल मी ओळख असल्यासारखे लिहिले होते. ते पुस्तक वाचायला मिळावे म्हणून एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात तीन खेपा घालाव्या लागल्या, कारण मी कुठल्याच संस्थेचा नव्हतो आणि नोंदवहीत 'संस्था' हा रकाना रिकामा सोडता येत नव्हता. शेवटी मी तिथे 'स्वतः' असे लिहिले.

हायमर १९३४ साली कॅनडात मॉन्ट्रियलला जन्मले, मॅकगिल विद्यापीठात शिकले आणि पीएच.डी.साठी बोस्टनजवळच्या एमआयटीत गेले. मार्गदर्शक चार्ल्स किंडलबर्गर. १९६० पर्यंत अर्थशास्त्रज्ञ असे समजत की पैसा जिथे व्याज कमी तिथून जिथे व्याज जास्त तिकडे वाहतो, आणि परदेशात कारखाना काढणे हाही त्याच वाहण्याचा एक प्रकार. हायमर यांनी अमेरिकेचे आकडे समोर घेतले आणि सरळ प्रश्न विचारले. व्याजदर हेच कारण असेल तर या गुंतवणुकीत बँका आणि वित्तसंस्था आघाडीवर हव्यात. प्रत्यक्षात आघाडीवर कारखानदार का? एकाच उद्योगातल्या अमेरिकन कंपन्या युरोपात आणि युरोपीय कंपन्या अमेरिकेत एकाच वेळी पैसा कशा घालतात? पाणी दोन्ही बाजूंनी चढाला कसे लागते? आणि कंपन्या पुष्कळदा परदेशात गेल्यावर तिथल्याच बँकांकडून कर्ज काढतात. मग त्यांनी नेले काय?

नेले ते नियंत्रण, हे त्यांचे उत्तर. परक्या देशात जाणारी कंपनी मुळातच तोट्यात असते. तिथली भाषा, कायदे, राजकारण स्थानिक उद्योजकाला जास्त ठाऊक असते, सरकार परक्याला सापत्नभावाने वागवते, चलनाचा भाव घसरण्याची टांगती तलवार असते. तरीही ती जाते, कारण तिच्याजवळ तंत्र, नाममुद्रा, प्रमाण अशी काहीतरी खास सरशी असते. आणि दुसरे कारण म्हणजे, दोन देशांतल्या कंपन्यांतली स्पर्धा संपवायची असेल तर दोन्ही ठिकाणी एकच मालक असणे सोयीचे पडते. पहिले कारण शाखेने डोक्यावर घेतले. परकेपणाच्या त्या तोट्यावर श्रीलता झहीर यांनी १९९५ साली लिहिलेला लेख आजही सर्वत्र दिसतो. दुसरे कारण हळूहळू मागे पडत गेले. रेडिंगकरांनी तीच कंपनी कार्यक्षमतेचे साधन म्हणून पाहिली. कोणाचे बरोबर, हा वाद मोठा आहे. मला एवढेच म्हणायचे आहे की हायमर यांच्या लेखी कंपनी स्पर्धा टिकवणारी नव्हती, गिळणारी होती, आणि त्यांच्या नावाचा उल्लेख करणाऱ्या अनेकांच्या लिखाणातून हे कळत नाही.

प्रबंध छापावा म्हणून किंडलबर्गर यांनी प्रयत्न केला. एमआयटीच्या प्रकाशन समितीने नकार दिला. मांडणी फारच सरळ आणि सोपी आहे, असे कारण. सोपेपणा हा दोष ठरल्याचे हे उदाहरण मी अनेकांना ऐकवले आहे. टंकलिखित प्रबंध ग्रंथालयात राहिला. किंडलबर्गर आपल्या वर्गात तो शिकवत राहिले आणि १९६९ च्या आपल्या सहा व्याख्यानांच्या पुस्तकातही त्यांनी तो विचार पुढे नेला. म्हणजे सोळा वर्षे हा विचार तोंडी परंपरेने चालला, एखाद्या घराण्याच्या चिजेसारखा. ज्यांनी ऐकला त्यांना कर्ता माहीत होता. ज्यांनी ऐकणाऱ्यांचे वाचले त्यांना नव्हता.

त्या सोळा वर्षांत हायमर स्वतः बदलले. घानात राहून आले, येलला शिकवले, मग न्यूयॉर्कच्या न्यू स्कूलमध्ये गेले आणि उघडपणे मार्क्सवादी झाले. १९७२ साली त्यांचा असमान विकासावरचा दीर्घ निबंध प्रसिद्ध झाला तो एका संपादित ग्रंथात. संपादक होते जगदीश भगवती. मुंबईत जन्मलेले, सिडनहॅममध्ये शिकलेले, आणि योगायोगाने हायमर यांच्याच वर्षी, १९३४ मध्ये जन्मलेले. मुक्त व्यापाराच्या या कट्टर पुरस्कर्त्याने आपल्या ग्रंथात हायमर यांना जागा दिली, हे मला आवडले. त्या निबंधात हायमर म्हणतात की बहुराष्ट्रीय कंपनी आपल्या आतली उतरंड जगाच्या नकाशावर पसरवील. निर्णय घेणारे थोड्या महानगरांत, समन्वय करणारे त्याखालच्या शहरांत, आणि रोजचे काम करणारे जगभर, जिथे मजूर आणि बाजार असेल तिथे. भोसरीत टिपा मोजलेल्या माणसाला हे समजायला वेळ लागला नाही. मालकांना दर, मुदत, नमुना सगळे ठरलेलेच यायचे, आणि ते कुठे ठरले हे त्यांनाही माहीत नसायचे.

फेब्रुवारी १९७४ मध्ये मोटार अपघातात हायमर गेले. वय ३९. त्यानंतर दोन वर्षांनी, नाकारणाऱ्या त्याच विद्यापीठाच्या प्रेसने तो सरळ-सोपा प्रबंध छापला, किंडलबर्गर यांच्या प्रस्तावनेसह.

आता नकाशाकडे परत येऊ. ग्रंथ मोजणाऱ्या नकाशावर हायमर १९७६ चे असतात. ज्याने वाट पाडली तो वाटसरूंच्या रांगेत, त्यांच्याच सालाचा बिल्ला लावून उभा. १९७२ चा निबंध बहुतेक दुसऱ्याच मोहल्ल्यात सापडतो, भूगोलवाले आणि विकासाचे अभ्यासक यांच्या याद्यांत. त्यामुळे व्यवस्थापनाच्या नकाशाला जोडणाऱ्या रेघा तिथवर पोचत नाहीत. एकाच माणसाचे दोन तुकडे होतात आणि एक तुकडा चौकटीबाहेर पडतो. यात कोणी लबाडी केलेली नाही. मोजणी चोख आहे. पण ती मोजते उल्लेख, आणि उल्लेख ही सवय असते. मी स्वतः पुस्तक न उघडता जो उल्लेख केला तोही मोजणाराच्या यंत्रात एक म्हणूनच धरला गेला असता.

जुन्या सूच्यांची आणखी एक खोड सांगतो. उल्लेखलेल्या ग्रंथाचा पहिलाच लेखक त्या नोंदवत. त्यामुळे लेखकांचे नकाशे काढताना योहान्सन उरतात, वाल्ने जातात. बक्ली उरतात, कॅसन जातात. १९८९ चे 'मॅनेजिंग अक्रॉस बॉर्डर्स' बार्टलेट यांच्या खात्यावर जमा होते. त्याचे सहलेखक सुमंत्र घोषाल कोलकात्याचे, इंडियन ऑइलमध्ये नोकरी केलेले, मग एमआयटी आणि हार्वर्ड अशा दोन ठिकाणी डॉक्टरेट मिळवलेले. त्यांच्या एकट्याच्या लेखांमुळे ते नकाशावर दिसतात हे खरे, पण ज्या पुस्तकाने ते जगाला ठाऊक झाले त्याचे माप दुसऱ्याच्या पारड्यात. कोइमतूरचे सी. के. प्रल्हाद सुदैवी, १९८७ च्या 'मल्टिनॅशनल मिशन'वर त्यांचे नाव आधी होते, त्यामुळे तिथे डोझ बुडाले. ज्ञानाच्या इतिहासात नावांचा क्रम एवढा भारी पडावा!

हॉफस्टेडे यांच्या ठिपक्याखाली तर माणसांची गर्दी आहे. हे डच गृहस्थ मूळचे यंत्र अभियंते. आयबीएममध्ये असताना १९६७ ते १९७३ या काळात कंपनीने आपल्या जगभरच्या कर्मचाऱ्यांकडून मनोधैर्य जोखण्यासाठी प्रश्नावल्या भरून घेतल्या, ७२ देशांतून सुमारे १,१६,००० उत्तरे. त्यांतून ४० देशांची तुलना करून हॉफस्टेडे यांनी १९८० साली 'कल्चर्स कॉन्सिक्वेन्सेस' लिहिले. कंपनीचे नाव झाकून त्यांनी तिला हर्मीस म्हटले. प्रत्येक देशाला गुण दिले. अधिकाराची उतरंड लोक किती गृहीत धरतात, या मापावर भारताला ७७. व्यवस्थापनाच्या वर्गात हा ७७ चा आकडा आजही भारतीय माणसाचा स्वभाव म्हणून फळ्यावर लिहिला जातो. पण तो कोणाचा? भारतातल्या आयबीएमच्या नोकरदारांचा, शेतकऱ्याचा किंवा दापोडीच्या फिटरचा नव्हे. शिवाय पुस्तक येईपर्यंत ती कंपनी इथून गेलेली होती. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याप्रमाणे हिस्सा ४० टक्क्यांवर आणायला नकार देऊन आयबीएमने १९७८ मध्ये भारत सोडला, आणि तिच्या यंत्रांच्या देखभालीचे काम सरकारी सीएमसीकडे आले. ब्रेंडन मॅकस्वीनी यांनी २००२ साली या पायावरच बोट ठेवले; पाकिस्तानची पहिली पाहणी ३७ जणांची आणि दुसरी ७० जणांची होती, हे त्यांच्याच लेखात वाचले. हॉफस्टेडे यांचे उत्तर असे की कंपनी एकच असल्याने देशांतला फरक उलट स्वच्छ दिसतो, आणि लोझानला इतर कंपन्यांच्या व्यवस्थापकांना तेच प्रश्न घालून त्यांनी पडताळाही घेतला होता. मला दोघांचेही थोडे थोडे पटते. आकडा मात्र फळ्यावर लिहिण्याइतका मोठा वाटत नाही.

राहिले दापोडी. उप्सालाच्या पायऱ्यांच्या साखळीत मी तिला बसवून पाहिले. स्वीडनच्या लेखी भारत मानसिक अंतराने जवळचा देश नक्कीच नव्हता; मग १९६० च्या सुमाराला कारखान्याची शेवटची पायरी इथे इतक्या लवकर का? माझ्या समजुतीने उत्तर कंपनीच्या अनुभवात कमी आणि दिल्लीच्या फायलींत जास्त आहे. १९५७ ला परकीय चलनाची गंगाजळी आटली, आयातीवर निर्बंध घट्ट झाले, आणि इथे माल विकायचा तर इथेच बनवणे भाग पडले. प्रतिमानाच्या साखळीत आयात परवान्याला चौकट नाही. हायमर यांच्या १९६० च्या प्रबंधात परक्या सरकारची दखल आहे, पण तो तेव्हा छापलेलाच नव्हता.

ते पोस्टकार्ड मी हायमर यांच्या बिन कार्डाला टाचून ठेवले आहे. कार्डावरचे १९७६ खोडले नाही. वर लाल शाईने १९६० लिहिले. प्राध्यापकांना भेटायला साताऱ्याला गेलो तेव्हा ते फार थकले होते. हे सगळे तुम्हाला कसे ठाऊक, असे विचारले तर म्हणाले, प्रस्तावना आधी वाचायची सवय आहे.

सध्या मी दापोडीच्या त्या दोन कारखान्यांत पहिल्या दहा वर्षांत कामाला लागलेल्या लोकांना भेटतो आहे. बहुतेक जण ऐंशीच्या पुढचे आहेत. एकांनी पहिल्या वर्षीचे हजेरीकार्ड जपून ठेवले आहे. त्याची मी नक्कल करून घेतली आणि सवयीने त्यासाठी एक नवे बिन कार्ड काढले. खालचा रकाना अजून कोरा आहे.